विषय: न विचारता वाढवलेलं बिल आणि अजून न मिळालेले रिपोर्ट

नमस्कार,

आमच्या बोक्याला, गब्बूला, लघवी तुंबली म्हणून तुमच्या पेट हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीत आणलं होतं. गब्बू वाचला, रात्रपाळीच्या डॉक्टर मॅडमनी कॅथेटर घालून जी धावपळ केली त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तक्रार बिलाची आहे. रात्रीचा स्टाफ, मशीन, औषधं सगळं महाग असतं, मान्य, पण बिल ज्या पद्धतीने वाढलं ते अजिबात पटलेलं नाही.

अ‍ॅडमिट करताना काउंटरवर तोंडी एक आकडा सांगितला, लेखी मागितला तर "साधारण एवढंच होईल, काळजी करू नका". डिस्चार्जला बिल त्याच्या दुपटीच्या वर, आणि फॉर्मवर माझा नंबर असून मधे एक फोन नाही. हॉस्पिटलायझेशन वेगळं, मॉनिटरिंग वेगळं, नर्सिंग वेगळं आणि खाली "कन्झ्युमेबल्स" (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) म्हणून एकच मोठी रक्कम, त्यात काय काय आलं विचारलं तर म्हणे सिस्टिममध्ये असंच येतं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच सकाळी सीबीसी (रक्तपेशी मोजायची टेस्ट) केली होती, रिपोर्ट मी स्वतः हातात दिला, तरी तीच टेस्ट परत लावली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालली आहे ते दाखवणारं) आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा बघावं लागतं हे मला कळतं, लघवी अडकली की पोटॅशियम चढतं आणि ते थेट हृदयावर येतं, त्या पैशांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांच्या दोन व्हायरसची टेस्ट कुणाला विचारून केली? गरज असेलही, पण ती त्या रात्रीच व्हायला हवी अशी नव्हती, विचारायला वेळ होता.

गोळ्यांचं तर फारच वाईट वाटलं. पारदर्शक पिशवी, त्यावर पेनने "अर्धी, दोनदा", औषधाचं नाव नाही. चिठ्ठी मागितली तर नकार. नंतर आमच्या डॉक्टरांकडून कळलं की ती प्राझोसिन आहे, माणसांच्या ब्लड प्रेशरची जुनी गोळी, साध्या मेडिकलमध्येही मिळते. मग नाव का लपवायचं?

लघवी तुंबलेला बोका घेऊन कुणी चार ठिकाणी रेट विचारत फिरू शकत नाही, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, तुम्ही दाखवाल तिथे माणूस सही करतो. म्हणूनच आधी खरा आकडा सांगणं तुमचं काम आहे. कमीतकमी किती, जास्तीतजास्त किती हे कागदावर द्या आणि त्याच्या वर जायच्या आधी फोन करा, रात्री कितीही वाजले असले तरी मी उचलला असता.

मला कन्झ्युमेबल्सचा हिशोब आणि न विचारता केलेल्या टेस्टचे व दुसऱ्या सीबीसीचे पैसे परत हवेत, लेखी उत्तरासकट. त्याला थोडे दिवस लागले तर चालेल, पण ब्लड रिपोर्ट, एक्सरे आणि औषधांची नावं आजच ईमेल करा, कारण एकदा ब्लॉक झालेला बोका परत ब्लॉक होऊ शकतो आणि तेव्हा समोरच्या डॉक्टरांना हे आकडे लागतील.

गब्बूची पालक