'बाबा' जुळवायला दोन ब लागतात : बालवाडीच्या अक्षरसंचांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

पंचवटीत, पेठ रोडच्या बाजूला आमच्या महिला मंडळाची बालवाडी चालते. पत्र्याची एक खोली आणि तीन ते सहा वर्षांची ३८ मुलं. घरचे कुणी मार्केट यार्डात हमाली करतात, कुणी गंगाघाटावर फुलं विकतात. द्राक्षांचा हंगाम लागला की बऱ्याच आया पहाटेच टेम्पोत बसून दिंडोरीकडे बागांवर जातात, आणि मुलं संध्याकाळपर्यंत आमच्याजवळ असतात.

गेल्या वर्षी काही सज्जनांनी खाचेत बसणाऱ्या लाकडी अक्षरांच्या पाट्या दिल्या. मुलं अक्षरशः तुटून पडली त्यांच्यावर. ते ऋण आम्ही विसरणार नाही. पण दोन आठवड्यांत मुलांना खाचा पाठ झाल्या. तेच अक्षर पाटीबाहेर हातात देऊन विचारलं की गप्प!

मग एके दिवशी साडेचार वर्षांची एक मुलगी अक्षरं जमिनीवर काढून बसली. तिला 'बाबा' करायचं होतं. ब सापडला. कानाच नव्हता, म्हणून तिने कुल्फीची काडी उभी लावली. दुसरा ब काही मिळेना. पाटीत असतोच एक. बराच वेळ शोधून तिने व उचलला, खडूने त्याच्या पोटात आडवी रेघ ओढली, दुसरी काडी लावली आणि ओरडली, "ताई, बाबा!" त्या दिवशी आम्हाला कळलं की आपल्या मुलांना काय हवंय.

बाजारातल्या तयार संचात प्रत्येक अक्षर एकदाच असतं आणि काना, मात्रा, वेलांटी बहुधा नसतेच. त्यावर मामा होत नाही, काका होत नाही. शिवाय बरेच संच हिंदीसाठी बनलेले. त्यांत ळ नाही, म्हणजे शाळा नाही, फळा नाही, बाळ नाही. ल आणि श यांची वळणंही हिंदीची. मराठी ल-श कसे काढायचे हे राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवून दिलं आहे, आणि पहिलीत गेल्यावर पुस्तकात मुलांना तेच दिसणार. मग आधी एक वळण शिकवून नंतर ते मोडायचं कशाला?

म्हणून आम्ही स्वतःच सुटी अक्षरं बनवायचं ठरवलं आहे. कल्पना आमची नव्हे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर उघडलं, त्यांच्या पद्धतीतच सुटी अक्षरं आहेत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी आसपास मिळेल त्या वस्तू आणल्या. आम्हीही त्याच वाटेने जाणार.

एका संचात दीडशे तुकडे. क, ब, म, र, ल, ळ अशी सारखी लागणारी अक्षरं चार-चार, बाकीची व्यंजनं दोन-दोन, काने आठ. व्यंजनं लाल, स्वर आणि काना-मात्रा निळ्या. सगळ्यांची उंची एकसारखी, म्हणजे अक्षरं शेजारी ठेवली की शिरोरेघ सलग जुळते. आपल्या 'नाशिक'चंच बघा. शि म्हणताना आधी श ऐकू येतो, पण ठेवायची आधी वेलांटी. हे फळ्यावर कितीदाही सांगून मुलांना उमगत नाही, तुकडा हाताने श च्या अलीकडे सरकवला की उमगतं.

अनुस्वाराचा टिंब मात्र सुटा ठेवणार नाही, मूल तो गिळेल. तो चौकोनी पट्टीवर रंगवू. एकही तुकडा आगपेटीपेक्षा लहान नसेल, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या असतील. घरात उरलेला जुना ऑइल पेंट कृपया देऊ नका. त्यात शिसं असू शकतं, आणि मुलं अक्षरं तोंडात घालतातच. चुंबकाची अक्षरंही नकोत. चुंबक निखळून दोन पोटात गेले तर आतडी चिमटली जातात. तयार खेळणी द्यायची असतील तर आयएसआय चिन्ह पाहून घ्या, २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

आम्हाला पाच संच करायचे आहेत. प्लाय, कापणी, रंग धरून एका संचाला १६०० रुपये, एकूण ८००० रुपये लागतील. कुणी पूर्ण संच द्यावा, कुणी नुसता ळ द्यावा, पन्नास रुपयांचीही पावती मिळेल. सातपूर-अंबडच्या कारखानदारांकडे १२ एमएम प्लायचे उरलेले तुकडे असतील तर आम्ही येऊन घेऊन जाऊ. कापणीचं यंत्र असणाऱ्या एखाद्या दुकानदाराने एक रविवार दिला तर निम्मा खर्च वाचेल. आणि ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी हात द्यावेत. साडेसातशे तुकडे घासायचे आहेत, ते आम्हा सहाजणींचं काम नाही.

२७ फेब्रुवारीला, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या जन्मदिवशी, हे संच मुलांच्या हातात पडावेत अशी इच्छा आहे. तोवर दर रविवारी सकाळी दहा ते एक बालवाडी उघडी असते. या, मुलांची खोली बघा, हिशेबाची वही बघा, मग ठरवा. सुतारकाम येणाऱ्यांनी येताना आपली कानस आणावी, आमच्याकडे एकच आहे.

आपल्या,
महिला मंडळाच्या कार्यकर्त्या,
पंचवटी, नाशिक