चौथ्या ओळीशेजारची टिक

आदरणीय मॅडम,

परवा निकाल लागला. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला, म्हणजे कॉम्प्युटरला काय जमतं आणि काय नाही याच्या गणिती विषयाला, 61 पडले. याच विषयात आधी 17 आणि मग 22 होते. परभणीला घरी फोन केला, तर आईला बोलताच येईना. फोन ठेवला आणि तुमची आठवण झाली.

तुम्ही आमच्या कॉलेजच्या नव्हतात. छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकेत भाच्याला सोडायला आलात आणि माझी उघडी वही बघून थांबलात, एवढीच आपली ओळख. आमचे सर वर्षभर म्हणायचे, "खेड्यातल्या पोरींना थिअरी झेपत नाही, पाठ करा नि लिहा." पाठ केलं, लिहिलं, त्या प्रश्नाला शून्य. कुठं चुकलं विचारायला गेले तर त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू!

तुम्ही वही हातात घेतलीत. जितके ए तितकेच बी अशा शब्दांची भाषा रेग्युलर नाही, म्हणजे मर्यादित स्मरणाच्या यंत्राला ती ओळखता येत नाही, हे पम्पिंग लेमानं दाखवायचं होतं. भाषा रेग्युलर असेल तर तिच्या लांब शब्दातला एक तुकडा कितीही वेळा घेतला तरी शब्द भाषेतच राहतो, असा तो नियम. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलंत, चौथ्या ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीकशी टिक केलीत आणि म्हणालात, "इथपर्यंत सगळं बरोबर आहे, बाळा." मॅडम, माझं काही बरोबर आहे असं त्या विषयात मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं. डोळे भरून आले, तेव्हा तुम्ही मुद्दाम वहीतच बघत राहिलात.

पाचव्या ओळीत मी पी, म्हणजे लेमातला लांबीचा आकडा, 3 धरला होता आणि शब्दाचे तीन तुकडेही स्वतःच पाडले होते. "ही खेळी समोरच्याची, तू का खेळलीस?" तुम्ही विचारलंत आणि लख्ख उजेड पडला. समोरचा म्हणजे भाषा रेग्युलर आहे असं म्हणणारा. पी तो ठरवणार, शब्द मी निवडणार, तुकडे तो पाडणार, मधला तुकडा किती वेळा घ्यायचा ते मी सांगणार. मधला तुकडा पहिल्या पी अक्षरांतूनच पाडायचा असतो आणि तिथं नुसते ए, त्यामुळं त्यानं कसंही तोडलं तरी मधल्या तुकड्यात एच येणार. तो दोनदा घेतला की ए वाढले, बी तेवढेच, म्हणजे शब्द भाषेबाहेर.

तुमची अंबडची एसटी तेवढ्यात निघून गेली. तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत आणि पुन्हा वहीकडं वळलात. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची लेकरं शिकतात.

यंदा पेपरात पॅलिन्ड्रोमची, म्हणजे उलटे वाचले तरी तसेच राहणाऱ्या शब्दांची, भाषा आली. हात थरथरत होता. चौथ्या ओळीला थांबले, कच्च्या पानावर पेन्सिलीनं एक टिक केली आणि मग पाचवी ओळ लिहायला घेतली.

तुमची,
परभणीची विद्यार्थिनी