मठ्ठा, सुडोकू आणि कपाटातलं यंत्र

सांगली,
९ जानेवारी २०२५

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

पुतणीच्या लग्नाहून परत आलो त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. फोनवर तू हल्ली नुसतं "हं, हं" करतोस आणि दोन मिनिटांत फोन वहिनींच्या हातात देतोस. म्हणून पत्र.

पंगतीतला प्रसंग आठवतोय ना? वाढणाऱ्या पोरानं विचारलं, "काका, मठ्ठा?" आणि तू शेजारच्या नातवाकडे बघत म्हणालास, "हो, मोठाच झालाय, बारावीला आहे आता." सगळे हसले, तूही हसलास. पण नंतर ताक-भात संपेपर्यंत तुझी मान काही वर झाली नाही. मास्तरांच्या नकला करून अख्खा वर्ग डोक्यावर घेणारा तू! मला जेवण गेलं नाही रे.

आणि रात्री मला सुडोकूची वही दाखवलीस. "रोज तीन सोडवतो, डोकं बघ कसं शाबूत आहे." तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो. सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत तरबेज होतो, एवढंच. मीही सोडवतो, मजा येते म्हणून. पण तेवढ्या भांडवलावर म्हातारपण काढायचं म्हणशील तर अवघड आहे.

माझीच फजिती ऐक. गेल्या वर्षी मला शब्द सापडेनासे झाले. बायकोला सांगायची होती किसणी, तोंडातून "ते... ते खरखरीत" एवढंच. रात्र रात्र झोप नाही. आपल्या आण्णांचं जे झालं तेच आता माझं, असं वाटायचं. तळपायाला मुंग्या येतात हे सहज बोलून गेलो, तर डॉक्टरांनी आधी बी-१२ तपासायला लावलं. तळाला गेलं होतं! आपण पक्के शाकाहारी, त्यात मी दूध सोडलेलं. भाजीपाल्यात बी-१२ नसतंच. इंजेक्शनं घेतली आणि दोन-तीन महिन्यांत किसणी परत आली. सगळं विसरणं म्हणजे अल्झायमर नव्हे, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतो. बायको म्हणते, आता हेच विसरा जरा.

तर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल गेल्या जुलैत आला. आपल्याला काही करता येण्यासारखी १४ कारणं त्यांनी काढलीत. ती सगळी आटोक्यात आली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंशाला आळा बसू शकेल किंवा तो लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज. बीपी, साखर, सिगारेट, बसून राहणं, हे तुला पाठ आहे. पण सगळ्यांत मोठा वाटा कुणाचा, माहितेय? दोघांचा सारखाच: वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं.

कान, दिन्या!

असं का, याचा तज्ज्ञांचा अंदाज साधाच आहे. समोरचा काय म्हणाला ते ओळखण्यातच मेंदूची बरीच ताकद खर्च होते, मग ते लक्षात ठेवायला उरतं काय? त्याहून वाईट म्हणजे माणूस चार लोकांत जायचंच टाळतो. तुझंच बघ. टिळकवाडीतला संध्याकाळचा कट्टा सोडलास, आणि कट्ट्याबरोबर चालणंही. बाजारात तू कानडीत काय घासाघीस करायचास! आता भाजी मुलगा मोबाइलवरून मागवतो. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, अगदी निरक्षरांतसुद्धा. बेळगावात तुला हे फुकट मिळालंय, आणि तू ते दार लावून घेतलंस.

कानाचं यंत्र तू घेतलंयस, मला ठाऊक आहे. वहिनींनी दाखवलं, डबीसकट कपाटात. "शिट्टी मारतं आणि भांडी कानात आदळतात," ही तुझी तक्रार. शिट्टी वाजते ती बहुतेक वेळा यंत्र कानात नीट बसत नाही म्हणून. आधी कानातला मळ काढून घे, मग ऑडिओलॉजिस्टकडून मापाचा साचा करून घे. भांड्यांचं म्हणशील तर ती आदळतच होती रे, तुला इतकी वर्षं ऐकू येत नव्हती! मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्यांदा घरात तासभर लाव, मग वाढव. लग्नाच्या मांडवात पहिल्याच दिवशी लावून बसलास तर वैतागशीलच.

मी सध्या पहाटे आयर्विन पुलापर्यंत जाऊन येतो, जाता-येता औटकी, म्हणजे आपला तो साडेतीनचा पाढा, म्हणत. औट सत्ते साडेचोवीसपर्यंत गाडी बरी चालते, पुढे अडखळते. आठ-नऊ तुझ्याकडून घ्यायचेत; तुला मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतलेत.

महिनाअखेर मळ्यावर हुरडा आहे. वहिनींना घेऊन ये, आणि कान लावून ये. आगटीभोवती आठ-दहा जण असतील, मी तुला उजव्या अंगाला बसवीन, तुझा तो कान बरा आहे ना?

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. यंत्राच्या सेलवरचा रंगीत कागद आधीच काढून ठेवू नकोस. तो काढला की सेल उतरायला लागतो. कपाटातले तसेच उतरले असणार, येताना नवीन घेऊन ये.