अजिंठ्याहून आल्यावर

प्रिय मित्रा,

फोनवर सांगत बसलो असतो तर निम्मं राहून गेलं असतं म्हणून लिहितोय, आणि हे लांबणार आहे, चहा घेऊन बस. आमची स्टडी टूर अजिंठ्याला जाऊन आली. जळगाववरून फर्दापूर, तिथून लेण्यांची बस. आपण शाळेच्या सहलीला गेलेलो ना, त्यातलं मला फक्त माकडं आणि वाघोरा नदीच्या पुलावरचा ग्रुप फोटो एवढंच आठवतं, आत अंधार होता आणि सर पुढे चला पुढे चला म्हणत होते.

या वेळी पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभा राहिलो, गर्दी कमी होती म्हणून बराच वेळ मिळाला. अंधाराला डोळे सरावले की चित्र हळूहळू वर येतं रे. आधी मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग उजव्या हातातलं निळं कमळ. तो हात मी बघतच राहिलो. कमळ नुसतं टेकलंय बोटांवर, धरलंय असंही वाटत नाही. आणि मग लक्षात आलं की या चित्रात सावलीच पडलेली नाही! आपल्याला इंटरमिजिएटला स्थिरचित्रात काय शिकवलं, उजेड डावीकडून येतोय, मग घड्याची सावली उजवीकडे, वांग्याची पण उजवीकडे. इथे तसा कुठल्या एका बाजूचा उजेडच नाहीये. कडेला रंग थोडा गडद, नाकाच्या दांडीवर उजळ, बाकी सगळं रेषेवर, आणि तरी तो खांदा गोल वाटतो, हात लावला तर ऊब लागेल असा. दोन वर्षं मी शेडिंग घासतोय आणि माझी माणसं पुठ्ठ्याची दिसतात, ते का हे मला तिथे कळलं. माझी रेषाच कच्ची आहे, ती झाकायला मी सावल्या वापरत होतो.

आपण याला फ्रेस्को म्हणायचो ना, ते चूक आहे, फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं चित्र. दगडावर माती, शेण, भाताचं तूस असलं कालवून गिलावा केला, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, सगळं मातीतलंच, काळा काजळीचा, आणि निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा. हे सगळं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेण या वाकाटक राजाच्या काळात. काही ठिकाणी गिलावा पडलाय तिथे मागचा काळा दगड दिसतो आणि पोटात कसंतरी होतं.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स साहेब आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे कॉप्या करत होते, पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. म्हणजे आपल्याच वयाची पोरं रे, या अंधारात बसून एकेक बोट उतरवून घेणारी. त्या कॉप्या लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. त्याच्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं राबून केलेल्या बहुतेक कॉप्याही 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीच्या आगीत गेल्या होत्याच. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. आणि अजून एक, कॉपी करताना चित्र नीट दिसावं म्हणून तेव्हा भिंतीवर व्हार्निश लावलं गेलं, ते पुढे पिवळं पडलं आणि मूळ चित्रालाच बाधलं. जीव ओतून बघणाऱ्यांच्याच हातून हे झालं, त्यांच्यावर रागवावं की त्यांच्या पाया पडावं हे मला अजून ठरवता येत नाहीये.

सतराव्या लेण्यात बुद्ध भिक्षापात्र घेऊन यशोधरेच्या दारात आलाय. बुद्ध प्रचंड मोठा, ती आणि राहुल त्याच्या पुढ्यात एवढेसे, वर बघतायत. ती मागून पोराला पुढे करतेय. मला एकदम आई आठवली, ॲडमिशनच्या दिवशी कॉलेजच्या गेटवर तिने मला मागून असंच हलकेच पुढे केलं होतं. तिथे स्केच काढायला पॅड उघडलं आणि काही काढलंच नाही, नुसता बघत राहिलो.

परत आल्यापासून रोज रात्री पद्मपाणीचा तो हात काढतोय, फक्त रेषेत, खोडरबर बाजूला ठेवून. सोबत कालच्या कागदाचा फोटो आहे. करंगळी अजून आखडल्यासारखी येते, तू बघ आणि सांग कुठे चुकतंय. शाळेत माझी चूक तुलाच पहिल्यांदा दिसायची. इंजिनिअरिंगच्या गडबडीत ब्रश सुटला म्हणालास, पण नजर कुठे जाणार आहे. डिसेंबरात सुट्टी असेल तर ये, सोमवार सोडून, सोमवारी लेणी बंद असतात.

तुझाच,
वर्गातला बाजूच्या बाकावरचा