पर्याय भरण्याआधी
सांगली

प्रिय बाळास,
अनेक आशीर्वाद.

कराडला मामाकडे तुझं मन रमलंय, असं आई सांगत होती. फोनवर मी पुढच्या शिक्षणाचा विषय काढला की तू "बघू बाबा" म्हणतोस आणि बोलणं तिथंच थांबतं, म्हणून लिहायला बसलोय.

तू बीएस्सी नर्सिंगची आणि बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीची, दोन्ही सीईटी दिल्यास, हे चांगलं केलंस. पण परवा आईला म्हणालास, "नर्सिंगच घेतो, नोकरी लवकर लागते. चित्रं काय, सुट्टीतही काढता येतात." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. नर्सिंग तुला मनापासून हवंय, की घरची ओढाताण बघून तू चित्रकला बाजूला ठेवतोयस? मला एवढंच तुझ्याकडून ऐकायचंय.

मनापासून हवं असेल तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. काका काल दुकानात येऊन म्हणाला, "मुलगा असून नर्सिंग?" मी त्याला आजीच्या आजारपणाची आठवण करून दिली. तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मिरजेच्या हॉस्पिटलातल्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, तुला सगळं शिकवलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. अंगाखालच्या चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. सरकवताना ओढायचं नाही, आडव्या चादरीसकट दोघांनी एकदम उचलायचं, नाहीतर म्हाताऱ्या माणसाची कातडी सोलते. माकडहाडाजवळ लाल दिसलं की त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. तू दहावीत होतास, गजर लावून रात्री उठायचास. आजीला शेवटपर्यंत बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही. तिला उचलायला ताकद लागायची आणि हातही हलका लागायचा. दोन्ही तुझ्याकडे होतं. काका गप्प बसला.

पण घरच्या माणसाचं करणं वेगळं आणि वॉर्डात अनोळखी माणसांचं करणं वेगळं. चार वर्षं अभ्यास, त्यात अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, औषधांची मात्रा, सगळं इंग्रजीतून. मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पुढे रात्रपाळ्या. दिवाळीलाही ड्युटी लागेल. चिडलेले नातेवाईक तुझ्यावरच ओरडतील. नोकरी मिळते म्हणून या कामात शिरलेला माणूस मला लवकर थकेल असं वाटतं आणि त्याचा त्रास पेशंटला होतो. म्हणून तुला विचारतोय.

आता चित्रांचं. मला त्यातलं कळत नाही. पण मार्चमध्ये तू हळदीच्या सौद्याला आला होतास, तेव्हा वहीत हमाल काढलेस. पोतं पाठीवर घेताना मान आत ओढली जाते आणि मानेमागे कातडीची जाड वळी उठते, ती तू दोन रेघांत दाखवलीस. मार्केट यार्डात माझं आयुष्य गेलं, रोज हीच माणसं समोर असतात. ती वळी मला तुझ्या कागदावर पहिल्यांदा दिसली. ज्याला असं दिसतं, त्यानं ते सुट्टीपुरतं ठेवावं, हे मला पटत नाही.

लोक म्हणतील, कलेनं पोट भरत नाही. आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटकाचा खेळ केला, त्याला सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही भोपळ्यापासून सतारी-तंबोरे घडतात आणि त्यावर घरं चालतात. बीएफएलाही चार वर्षंच आहेत. उपयोजित कला घेतलीस तर जाहिरात, पॅकिंग, पुस्तकांची सजावट अशी कामं असतात. पेंटिंग घेतलंस तर वाट जास्त लांबची, हेही तुला माहीत असू दे. सुरुवातीची काही वर्षं हातात फार पैसा येणार नाही. तेवढी वर्षं आम्ही धरून ठेवू.

पैशाचं गणित तू करू नकोस, ते माझ्याकडे दे. केंद्रीय प्रवेशफेरीतून जागा मिळाली तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, आणि आपलं त्याच्या बरंच आत आहे. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मी आणून ठेवतो. मुंबईत जेजे कला महाविद्यालयात नंबर लागला तर राहण्या-जेवणाचा खर्च मोठा येईल, पण त्यासाठी आईनं आणि मी भिशी धरलीय. तुला आधी सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच नको म्हणाला असतास.

रविवारी ये. सोमवारी मी दुकानातून सुट्टी घेतलीय. आपण मिरजेला जाऊन त्या ब्रदरला भेटू. त्याची पाळी कशी जाते, वॉर्डात एकेकाकडे किती पेशंट असतात, हे तू मोकळेपणानं विचार, मी बाहेर थांबेन. तुझ्या चित्रकलेच्या सरांनाही मी फोन केलाय, ते संध्याकाळी घरी आहेत.

त्यानंतर जे ठरवशील ते पहिल्या पसंतीला भर. फक्त का ठरवलंस ते मला सांग. आईजवळ बोललास तरी चालेल, पण मला सांगितलंस तर जास्त बरं वाटेल.

तुझे
बाबा