खोडलेल्या ओळीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. व्यवसाय गुंडाळल्याचं कानावर आलं होतं, पण तुझ्या अक्षरात वाचताना जास्त लागलं. दुसऱ्या पानावर तू एक ओळ लिहून खोडली आहेस. काट एकच मारली आहेस, त्यामुळे खालचं वाचता येतं: 'जुनी गिऱ्हाइकं अशी एकदम का तुटली, कळत नाही.' तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलंयस, 'मला जमतच नाही.' आज मला या दोन ओळींबद्दलच लिहायचं आहे.

मला खोडलेली ओळ जास्त मोलाची वाटते. तिच्यात प्रश्न आहे. खालच्या ओळीत तू थेट निकाल देऊन टाकलास, आणि एकदा निकाल लागला की पुरावे कोण बघतो? सगळा दोष स्वतःवर घेणं प्रामाणिकपणाचं वाटतं खरं, पण त्याने चौकशी तिथेच थांबते. 'नशीबच फुटकं' म्हणणारा जिथे थांबतो, तिथेच तूही थांबला आहेस.

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ते अर्धंच खरं वाटतं. एकाच दगडाला पुन्हा पुन्हा ठेचकाळणारी माणसं आपण दोघांनीही पाहिली आहेत. अपयश आपणहून काही शिकवत नाही, त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

मध्यंतरी जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरबद्दल बरंच वाचलं. मंगळाची कक्षा काढायला तो वर्षानुवर्षं झटत होता. वर्तुळ धरून मांडलेलं गणित टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या नोंदींशी जवळजवळ जुळलं, फरक उरला ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). म्हणजे आकाशात पूर्ण चंद्र जेवढा रुंद दिसतो, त्याच्या साधारण पाव भागाइतका. ही किचकट आकडेमोड त्याने निदान ७० वेळा केली, असं त्यानेच लिहून ठेवलंय. एवढ्या कष्टांनंतर कुणीही म्हणालं असतं, चालायचंच. पण टायकोची निरीक्षणं इतकी चुकणार नाहीत याची त्याला खात्री होती. नोंदी भरवशाच्या, आकडेमोड तपासलेली; मग उरलं काय? ग्रह वर्तुळातच फिरतात, हे सुमारे दोन हजार वर्षं कुणी न तपासलेलं गृहीतक. ते त्याने सोडलं आणि शेवटी लंबवर्तुळापाशी पोचला. १६०९ साली ते छापून आलं.

मला यात त्याच्या चिकाटीपेक्षा चूक नेमकी कुठे आहे ते शोधण्याची शिस्त मोठी वाटते. 'मला गणित येत नाही' असं म्हणून तो उठला असता, तर ते गृहीतक तसंच शाबूत राहिलं असतं. (आणि हाच केप्लर तरुणपणी सुचलेली, ग्रहांच्या कक्षांमधली अंतरं पाच नियमित घनाकृतींवरून ठरतात ही कल्पना शेवटपर्यंत पुरती सोडू शकला नाही. आवडत्या कल्पनेची झडती घेणं त्यालाही जड गेलं, हे लक्षात असू दे.)

त्याचं आयुष्य काही सुखाचं नव्हतं. १६१५ पासून त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप होता, पुढे तिला वर्षाहून जास्त काळ कोठडीत काढावा लागला. त्याने स्वतः तिचा बचाव लिहिला. साक्षीदारांच्या जबान्यांतल्या विसंगती दाखवल्या, लोकांच्या दुखण्यांची साधी, नैसर्गिक कारणं मांडली. १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी गेली. संकट माणसाला घडवतं असं कुणी सरसकट म्हटलं की मला तिची आठवण येते. तिला संकटाने काय दिलं? दुःखाचं उदात्तीकरण मला नको वाटतं, तुझ्याही बाबतीत.

माझी नोकरी गेली ते वर्ष तुला आठवत असेल. बाबा अंथरुणावर होते आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मला नालायक ठरवून काढलं. तेव्हा तू एकच विचारलंस, "तुला काढलं, की तुमचा अख्खा विभागच बंद केला?" त्या प्रश्नाने माझं दुःख कमी झालं नाही, पण ते मोजता येण्याजोगं झालं. धीराचे शब्द पुष्कळांनी दिले, उपयोगी पडला तो तुझा प्रश्न.

आता तोच मी तुला विचारतो. कोणती गिऱ्हाइकं आधी गेली? ती गेली कुठे? तुझा माल नकोसा झाला, की त्यांचंच काम बसलं? आणि जी टिकली, ती का टिकली? या शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ दे. 'मला जमत नाही' हे एकदा मनात बसलं की आपण त्याला दुजोरा देणारेच प्रसंग वेचत जातो. खरी परीक्षा त्याच्या विरुद्ध जाणारे प्रसंग शोधण्यात आहे. उत्तरांत तुझी एखादी खरी चूक निघेलही. निघू दे. तिला नाव देता येईल, 'जमत नाही'ला देता येत नाही.

फक्त हे रात्री करू नकोस. थकलेलं डोकं प्रश्न विचारत नाही, आरोप करतं. आधी चार दिवस नीट झोप. मग हिशेबाच्या वह्या आणि गिऱ्हाइकांची यादी घेऊन माझ्याकडे ये. वह्या अपुऱ्या असल्या तरी चालतील. आपण एकेक नाव घेऊन बसू.

तुझाच,
जुना सोबती