पेशीला भूक कळते कशी?

महोदय,

सकाळी तर्री-पोहे खाल्ले की तर्रीतल्या हरभऱ्याच्या प्रथिनांपासून सुटलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल रक्तातून पेशींपर्यंत पोहोचतं. पेशीला ते कळतं कसं? सेस्ट्रिन-२ नावाचं प्रथिन एरवी वाढीला आवर घालून असतं. ल्युसिन त्याला चिकटलं की हा आवर सुटतो, लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीच्या पृष्ठभागावर एमटॉर हे विकर जागं होतं आणि पेशी नवी प्रथिनं बांधू लागते. उपाशीपोटी उलट: स्वतःचेच जुने भाग मोडून गुजराण!

एमटॉर सापडलं ते त्याला रोखणाऱ्या रापामायसिन या रसायनामुळे. ईस्टर बेटावरून १९६४-६५ मध्ये आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून हे रसायन सुरेंद्रनाथ सहगल यांच्या चमूने कॅनडात वेगळं केलं. सहगल काशी हिंदू विद्यापीठात शिकलेले. अमेरिकेत १९९९ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपणात रापामायसिन औषध म्हणून वापरलं जातं. माझ्या अकरावीच्या वर्गात मात्र सहगल यांचं नाव एकानेही ऐकलं नव्हतं. फार वाईट वाटलं. आपल्या रमण विज्ञान केंद्रात या शोधावर एक मराठी फलक, जमल्यास हलती प्रतिकृतीही लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक जीवशास्त्र शिक्षिका, धरमपेठ, नागपूर